गादीवरचे ताट आणि अणूंचा पत्रा

अकोला किंवा बडनेरा स्थानकाच्या फलाटावर तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असाल. एखादी मालगाडी न थांबता धडधडत निघून जाते. पायाखालचा फलाट थरथरतो, शेजारच्या टपरीवरील पेल्यातल्या चहावर बारीक वर्तुळे उठतात. पण गाडीचा शेवटचा डबा पुढे गेला, की थोड्याच वेळात सारे शांत होते. आता गावातील देवळाची घंटा आठवा. तिला एकच टोला द्या, तिचा नाद कितीतरी वेळ घुमत राहतो.

यात एक कोडे आहे. घंटा धातूची आणि रूळही धातूचाच. घंटेला आपण एका हाताने टोला देतो, रुळावरून तर शेकडो टनांचे ओझे धावते. मग घंटा घुमते आणि रूळ मात्र चटकन गप्प होतो, असे का?

उत्तर एका शब्दात सांगता येईल : पाया. घंटा टांगलेली असते. तिच्याखाली काही नसते. रूळ स्लीपरांवर आणि स्लीपर खडीवर टेकलेले असतात. एखादी वस्तू कशी कंप पावेल, हे तिच्याइतकेच ती कशावर टेकली आहे यावरही ठरते. ही साधी गोष्ट महामार्गाला लागू पडते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या, अणूंच्या एकाच थराच्या पत्र्यालाही लागू पडते. ती कशी, ते आपण पायरीपायरीने पाहू.

घरी करून पाहा

स्टीलचे एक सपाट ताट घ्या. त्याच्या काठाला चिमटा लावून, चिमट्याला दोरा बांधून ते टांगा. लाकडी चमच्याने काठावर हलकेच टोला द्या आणि नाद किती सेकंद ऐकू येतो ते घड्याळावर पाहा. मग तेच ताट कापसाच्या गादीवर ठेवा आणि तेवढ्याच जोराने टोला द्या. आपल्या वऱ्हाडात कापसाला तोटा नाही, तेव्हा गादी सहज मिळेल! आवाज 'टण्ण' असा न येता 'टक्' असा येऊन लगेच थांबेल. शेवटी ताट ओल्या पंचाच्या घडीवर ठेवून हाच प्रयोग पुन्हा करा. तीनही वेळा लागलेले सेकंद वहीत टिपून ठेवा.

ताट तेच, टोला तोच. बदलला तो फक्त पाया. गादीने ताटाला दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, ताट खाली दबले की तिने त्याला परत वर ढकलले. हा तिचा स्प्रिंगसारखा गुण होय. याला स्थितिस्थापकता म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे, कापसाचे तंतू एकमेकांवर घासले, त्यांच्यामधली हवा आतबाहेर झाली आणि ताटाच्या कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरून गेली. कंपन असे जिरवण्याला अवमंदन म्हणतात. मोटारसायकलच्या चाकाजवळचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाहा. त्यात स्प्रिंग असते आणि तेलही असते. स्प्रिंग परत ढकलते, तेल जिरवते. गादीत ही दोन्ही कामे कापूसच करतो.

१८६७ सालची एक कल्पना

भुसावळहून अकोला, बडनेरा या मार्गाने जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. योगायोग असा, की त्याच वर्षी प्राग येथील प्राध्यापक एमिल विंक्लर यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. आगगाडीच्या ओझ्याखाली रूळ किती वाकतो, हा प्रश्न त्यांनी त्यात घेतला होता. खडी आणि माती यांचे वागणे फार गुंतागुंतीचे. विंक्लर यांनी एक युक्ती केली. रुळाखाली जमीन नसून एकमेकींना न चिकटलेल्या असंख्य सुट्या स्प्रिंगा उभ्या आहेत, असे त्यांनी मानले. जेथे दाब पडेल तेथील स्प्रिंग दबेल, शेजारची नाही.

ही कल्पना तंतोतंत खरी नाही. तुम्ही बाजेवर बसलात, तर तुमच्याखालची सुंभाची वीण दबतेच, पण शेजारचीही थोडी खाली येते. जमिनीचेही तसेच असते. म्हणून १९५४ साली पास्टरनाक या रशियन संशोधकाने या सुट्या स्प्रिंगा एका थराने एकमेकींना जोडल्या. तरीही पहिल्या अंदाजासाठी विंक्लरची सोपी कल्पना आजही वापरतात. रुळांसाठी वापरतात, तशी इमारतीच्या पायासाठी आणि सिमेंटच्या रस्त्यासाठीही. यापुढे सपाट आणि रुंदीच्या मानाने पातळ अशा प्रत्येक वस्तूला आपण 'पत्रा' म्हणू. मग ते ताट असो, रस्ता असो की अणूंचा थर असो.

स्प्रिंगा आणि पायथागोरस

एखादा पत्रा सेकंदाला जितक्या वेळा खालीवर होतो, त्या संख्येला त्याची कंप्रता म्हणतात. स्प्रिंग चौपट ताठर केली तर कंप्रता चौपट होत नाही, दुप्पट होते. म्हणजे ताठरपणा कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पत्रा वाकला की त्याला परत सरळ करणारे दोघे असतात : पत्र्याचा स्वतःचा ताठरपणा आणि पायातील स्प्रिंगा. या दोघांच्या ताठरपणाची बेरीज होते. म्हणून कंप्रतांची नव्हे, तर कंप्रतांच्या वर्गांची बेरीज करायची.

समजा, कडांवर टेकवलेल्या एका चौरस पत्र्याची स्वतःची कंप्रता ३० आहे. आता मनातल्या मनात त्याचे बारीक तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा पायाच्या स्प्रिंगेवर एकटाच नाचू द्या. या तुकड्यांची कंप्रता ४० आहे असे समजा. मग अखंड पत्रा पायावर ठेवला तर त्याची कंप्रता किती येईल? ३० चा वर्ग ९००, ४० चा वर्ग १६००, बेरीज २५००, वर्गमूळ ५०. भूमितीतील काटकोन त्रिकोण येथे कंपनाच्या गणितात भेटला!

पत्रा आणखी निराळ्या तऱ्हांनीही कंप पावतो. १७८७ साली जर्मनीच्या क्लाड्नी यांनी पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या काठावर सारंगीसारखा गज ओढला. पत्र्याच्या ज्या रेषा स्थिर राहत, तेथे वाळू गोळा होऊन सुंदर आकृत्या उमटल्या. त्यांचे गणित मांडणाऱ्याला पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पारितोषिक जाहीर केले. सोफी जर्मेन या फ्रेंच विदुषीने ते तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ साली मिळवले.

आपल्या पत्र्याच्या पहिल्या तऱ्हेत सगळा पत्रा एकदम खालीवर होतो. पुढच्या तऱ्हेत मधोमध एक स्थिर रेषा येते. एक अर्धा वर जातो तेव्हा दुसरा खाली. चौरस पत्र्यात या दुसऱ्या तऱ्हेची कंप्रता पहिलीच्या अडीचपट असते, म्हणजे येथे ७५. पाया तोच, ४० चा. ७५ आणि ४० यांच्या वर्गांची बेरीज ७२२५, वर्गमूळ ८५. नीट पाहा : पायाने पहिल्या तऱ्हेची कंप्रता ३० वरून ५० वर नेली, पण दुसरीची ७५ वरून फक्त ८५ वर. यावरून नियम मिळाला, की पायाचा जोर मोठ्या, सैल कंपनांवर जास्त चालतो आणि बारीक नक्षीच्या कंपनांवर कमी.

जिरवणारा पाया

आता अवमंदन. पाण्यात हात हळू फिरवा, विरोध थोडा होतो. जोरात फिरवा, विरोध वाढतो. जिरवणाऱ्या पायाचेही असेच असते. वेग जास्त तेवढा त्याचा विरोध जास्त. त्याचे मापही आपण कंप्रतेच्याच एककात देऊ. आपल्या ५० कंप्रतेच्या पत्र्याखाली १४ मापाचे अवमंदन आहे असे समजा. या वेळी वर्गांची बेरीज नव्हे, वजाबाकी करायची. २५०० उणे १९६ म्हणजे २३०४, वर्गमूळ ४८.

कंप्रता ५० वरून ४८, म्हणजे फरक किरकोळच. मग ताटाचा आवाज लगेच का मेला? कारण अवमंदनाचा खरा घाव कंपनाच्या आवाक्यावर, म्हणजे आयामावर पडतो. आपल्या उदाहरणात दर कंपनानंतर आयाम सुमारे सहाव्या हिश्शाएवढाच उरतो. तीन कंपनांनंतर तो दोनशेव्या हिश्शाहूनही कमी होतो. स्वर फारसा बदलला नाही, पण तो ऐकायला वेळच उरला नाही! आणि अवमंदनाचे माप ५० वर गेले, तर पत्रा एकदाही पलीकडे न झुलता मुकाट्याने आपल्या जागी येऊन थांबतो. स्प्रिंगा स्वर ठरवतात आणि अवमंदन त्याचे आयुष्य ठरवते, हे ध्यानात ठेवा.

अमरावती-अकोला महामार्ग

३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान, लोणी ते माना या भागात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा एकेरी पट्टा सलग टाकण्यात आला. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटे, म्हणजे तासाला सुमारे ७१० मीटर. त्याची गिनीज विश्वविक्रमांत नोंद झाली. याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ साली झालेला होता, २५.२७५ किलोमीटरचा.

या विक्रमाचा आपल्याला अभिमान वाटतोच. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारावा : या पत्र्याखाली काय आहे? आपली जमीन काळी, कपाशीची. तिच्यातील चिकणमातीच्या कणांमध्ये पातळ पापुद्रे असतात. पावसाळ्यात त्यांच्यामध्ये पाणी शिरते आणि जमीन फुगते, मऊ होते. उन्हाळ्यात ती आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे येथील पायाच्या स्प्रिंगा बारा महिने सारख्या नसतात.

पुन्हा आपला पत्रा घ्या. समजा, पाणी मुरल्याने पायाची कंप्रता ४० वरून १६ वर आली. पत्र्याच्या ३० शी तिची सांगड घाला. ९०० अधिक २५६ म्हणजे ११५६, वर्गमूळ ३४. कंप्रता ५० ची ३४ झाली. पण ताठरपणा वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो २५०० वरून ११५६ वर आला, निम्म्याहूनही कमी. याचा अर्थ, त्याच ओझ्याखाली हा पत्रा आता दुपटीहून अधिक वाकेल. तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच ट्रकांच्या चाकांखाली वारंवार वाकणारा रस्ताही तडकतो. पत्र्यात कोणताही दोष नसताना, केवळ पाया सैल झाल्याने हे घडते.

म्हणूनच काळ्या जमिनीवर रस्ता बांधताना खाली मुरमाचे आणि खडीचे थर दाबून घालतात किंवा मातीत चुना मिसळतात, आणि पाणी वाहून जाण्यासाठी कडेने नाल्या काढतात. डांबरात स्वतःलाही दोन्ही गुण असतात. ते थोडे स्प्रिंगसारखे आणि थोडे घट्ट तेलासारखे वागते, म्हणजे जिरवण्याचे काम वरच्या थरातही चालते. रस्त्याला असे अवमंदन हवेच असते. कंप घुमत राहणारा रस्ता कोणाला हवा आहे?

पत्रा लहान करत गेलो तर?

आता एक मोठी उडी घेऊ, मोठ्याकडून अतिशय लहानाकडे. स्टीलचा ३० सेंटिमीटर बाजूचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा चौरस पत्रा चारी कडांवर टेकवला, तर त्याची कंप्रता सुमारे १६० येते. त्याची लांबी, रुंदी आणि जाडी दहापट कमी केली तर कंप्रता दहापट वाढते. मग प्रत्येक माप एक कोटी पटीने कमी करा. बाजू ३० नॅनोमीटर होईल आणि जाडी ०.३ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. या हिशेबाने कंप्रता सेकंदाला १६० कोटी येते!

एवढा पातळ पत्रा केवळ कल्पनेतला नाही. पेन्सिलीतील ग्राफाइट हे कार्बन अणूंच्या थरांचे बनलेले असते. त्यातील एकच थर, म्हणजे ग्राफीन, सुटा करण्यात गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना २००४ साली यश आले. २०१० साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. दोन थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २००७ साली ग्राफीनचे असे पत्रे बारीक चरांवर ताणून त्यांना कंप पावायला लावले गेले.

पण येथे आपले जुने गणित थोडे अडखळते. ताटाच्या बाबतीत आपण धातू सलग आहे असे मानतो. ३० नॅनोमीटरच्या ग्राफीनमध्ये मात्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जेमतेम सव्वाशे षटकोन मावतात. शिवाय एखाद्या अणूवर केवळ लगतच्याच नव्हे, तर त्यापलीकडच्या अणूंचाही प्रभाव पडतो. म्हणून एखाद्या जागचा ताण केवळ तिथल्या वाकण्यावरून न काढता आसपासच्या वाकण्याची सरासरी घेऊन काढावा, असे एरिंगन यांनी सुचवले. १९७२ आणि १९८३ सालचे त्यांचे लेख या विषयाचा आधार मानले जातात. सरासरी घेतली की टोके बोथट होतात. म्हणून असा पत्रा वाकण्याला थोडा कमी विरोध करतो आणि त्याची कंप्रता घटते.

किती घटते? आसपासचा प्रभाव किती दूरवर पोचतो ती लांबी अभ्यासक बहुधा ० ते २ नॅनोमीटरच्या दरम्यान धरतात. आपण १ धरू. पत्र्याची बाजू ३० नॅनोमीटर असेल, तर पहिल्या तऱ्हेची कंप्रता सुमारे १ टक्का घटते. बाजू १० नॅनोमीटर असेल, तर सुमारे ९ टक्के. आणि त्याच पत्र्याच्या दुसऱ्या तऱ्हेत सुमारे १८ टक्के. ताटात हा फरक असतो, पण इतका क्षुल्लक की तो कोणत्याही यंत्रात दिसायचा नाही.

आता हा नॅनो-पत्रा रबरासारख्या मऊ पदार्थावर ठेवा. अणूंमधील क्षीण आकर्षण त्याला खाली धरून ठेवते. तेच विंक्लरच्या स्प्रिंगांचे काम करते. मऊ पदार्थ अवमंदन पुरवतो. हिशेब पूर्वीचाच, वर्गांच्या बेरजेचा. फक्त पत्र्याची स्वतःची कंप्रता आधी घटवून घ्यायची. स्प्रिंगांचा वाटा आहे तसाच राहतो. यातून एक सुबक विभागणी दिसते. मोठ्या, सैल कंपनांवर पायाची सत्ता चालते आणि बारीक नक्षीच्या कंपनांवर अणूंच्या दाणेदारपणाची.

रेणू तोलणारा तराजू

हे सारे कशासाठी? कारण कंप पावणारी इवलीशी वस्तू हा एक विलक्षण तराजू आहे. तिच्यावर एखादा रेणू येऊन बसला, की तिचे वस्तुमान वाढते आणि कंप्रता घटते. वस्तुमान सगळीकडे सारखे २ टक्के वाढले, तर कंप्रता सुमारे १ टक्का कमी होते. वस्तू जितकी हलकी, तितका आलेल्या पाहुण्याचा भार जास्त जाणवतो. २०१२ साली बार्सिलोना येथील संशोधकांनी कार्बनच्या नॅनोनळीचा असा तराजू केला. ती पत्रा नव्हती, नळी होती. पण तत्त्व हेच. त्याची अचूकता एका प्रोटॉनच्या वस्तुमानापर्यंत पोचली.

आता विचार करा. कंप्रतेतील १ टक्का फरक ओळखायचा, तर निदान शंभर कंपने तरी मोजता आली पाहिजेत. मघाच्या उदाहरणातील पत्रा तर तीन कंपनांतच संपला होता! त्याच्यावर रेणू बसला काय आणि न बसला काय, कळणार कसे? म्हणून ती नॅनोनळी निर्वात जागेत आणि अतिशय थंड ठेवली होती. तेथे हवेचे अवमंदनही नको होते.

म्हणजे जे अवमंदन महामार्गाचा मित्र, तेच या तराजूचा शत्रू. निसर्गाचा नियम एकच, पण तो उपकारक की अपकारक हे आपल्या कामावर ठरते. रस्ता बांधणारा विचारतो, 'कंपन किती लवकर मरेल?' तराजू करणारा विचारतो, 'कंपन किती वेळ जगेल?' आणि दोघेही उत्तरासाठी आधी पत्र्याखाली वाकून पाहतात.

पुढच्या वेळी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहाल, तेव्हा नजर रुळाखालच्या खडीकडेही जाऊ द्या.

सोडवून पाहा

१. एका पत्र्याची स्वतःची कंप्रता ६० आणि पायाची ८० आहे. दोन्ही मिळून कंप्रता किती होईल?

२. याच पत्र्याखाली आता २८ मापाचे अवमंदन घातले, तर कंप्रता किती होईल?

३. स्वतःची कंप्रता ३० असलेल्या पत्र्याला पायावर ठेवल्यावर कंप्रता ७८ आली. पायाची कंप्रता किती असेल?

उत्तरे : (१) १००, (२) ९६, (३) ७२.